रात्रीचं ताट साडेपाचला ठरतं : मराठवाड्यात दौरा करणाऱ्या एका एमआरचं प्रकरण

वय ४६, उंची १७० सेंटिमीटर, वजन ८२ किलो, कमरेचा घेर १०२ सेंटिमीटर. टाइप २ मधुमेह चार वर्षांपासून. गोळी एकच, पण तिच्यात दोन औषधं : ग्लिमेपिराइड १ मिलिग्रॅम आणि मेटफॉर्मिन ५०० मिलिग्रॅम. सकाळी एक, रात्री एक, जेवणाआधी. काम औषध कंपनीत एमआरचं (मेडिकल रिप्रेझेंटेटिव्ह, डॉक्टरांना भेटून औषधांची माहिती देणारा प्रतिनिधी), मुख्यालय छत्रपती संभाजीनगर. दर पंधरवड्याला चार दिवसांचा दौरा : मंगळवारी बीड, बुधवारी अंबाजोगाई, गुरुवारी लातूर. शुक्रवारी लातूरचं उरलेलं काम उरकून संध्याकाळच्या गाडीनं घरी. शेवटचं एचबीएवनसी (साधारण तीन महिन्यांतली सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी) ८.४, आणि तेही अकरा महिन्यांपूर्वीचं. रोज दहा-बारा डॉक्टरांना भेटणाऱ्या माणसाचं स्वतःच्या तपासणीकडे इतकं दुर्लक्ष व्हावं, हे या पेशात सर्रास दिसतं आणि मनाला लागतं.

हे एका ठरावीक व्यक्तीचं प्रकरण नाही. फिरतीच्या कामात वारंवार दिसणाऱ्या गोष्टी एकत्र करून उभा केलेला हा नमुना आहे. ग्लुकोमीटरचे आकडेही त्या नमुन्याचेच. ताटातल्या पदार्थांचे हिशेब मात्र कुणालाही पडताळून पाहता येतील असे आहेत.

तक्रारी तीन होत्या. दौऱ्याहून आलं की चार-पाच दिवस साखर वर राहते. रात्री नऊ-साडेनऊला डॉक्टरांच्या केबिनबाहेर बसलेलं असताना हातपाय थरथरतात, घाम फुटतो. आणि घरी असताना नेमानं होणारं सकाळचं चालणं दौऱ्यावर पूर्ण बंद पडतं, ते परत आल्यावरही आठवडाभर सुरू होत नाही. त्यांचं स्वतःचं निदान एका वाक्याचं होतं : "बाहेरचं खावं लागतं, त्याला इलाज नाही."

आधी दोन दौरे काहीही न बदलता नोंदी ठेवल्या. काय खाल्लं यापेक्षा किती वाजता खाल्लं याची नोंद जास्त काटेकोर ठेवायची, एवढंच ठरलं होतं. मंगळवारची नोंद अशी निघाली :

पहाटे ५.४५ ला घरी अर्धा कप चहा आणि गोळी. ६.१५ ची एसटी. बीडला उतरून ९.४५ ला पोहे, एक वडा, चहा. १०.३० ते २ कॉल (म्हणजे डॉक्टर-दुकानदारांच्या भेटी), त्यात केमिस्ट आणि स्टॉकिस्टकडे (औषधांच्या घाऊक विक्रेत्याकडे) मिळून चार चहा. २.४५ ला खानावळीत थाळी : चार चपात्या, दोन भाज्या, आमटी, भात, पापड, वाटीभर बासुंदी. ३.३० ते ५ लॉजवर झोप. ६ वाजल्यापासून संध्याकाळच्या ओपीडी. रात्री ८ ला गोळी, कारण घरी जेवण साडेआठला होतं आणि गोळी आठला घ्यायची सवय. ९.२० ला थरथर, ग्लुकोमीटरवर ६६. टपरीवर गोड चहा, सहा बिस्किटं, एक पेढा. १०.४५ ला धाब्यावर शेवभाजी, दोन भाकरी, वर मसालेभात. १२.४५ ला साखर २५८. झोपायला एक. बुधवारी सकाळी उपाशीपोटी १७४.

हा दिवस जेवणाच्या दर्जाच्या अंगानं वाचला तर शेवभाजी आणि बासुंदीवर बोट ठेवून मोकळं होता येतं. पण बासुंदी तो माणूस रोज घेत नाही, शेवभाजी घरीही होते. वेळांच्या अंगानं वाचला तर दोन खड्डे दिसतात. पहिला पहाटे पावणेसहा ते पावणेदहा, दुसरा दुपारी सव्वातीन ते रात्री पावणेअकरा. दोन्ही खड्ड्यांत गोळी आधी पोटात गेली आहे आणि अन्न नंतर, अनुक्रमे चार आणि पावणेतीन तासांनी.

ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतं, आणि अन्न आलं आहे की नाही याची वाट पाहत नाही. घेतल्यानंतर दोन-तीन तासांत त्याचा जोर सर्वांत जास्त असतो. आठच्या गोळीचा जोर नऊनंतर चढत जाऊन दहा-अकराला सर्वांत जास्त होणार, आणि घास पावणेअकराला. मधली थरथर हा त्याचा सरळ परिणाम. नुसत्या मेटफॉर्मिननं असं सहसा होत नाही, त्यामुळे आपल्या गोळीच्या पाकिटावर दुसरं नाव कुठलं आहे हे प्रत्येक फिरत्या माणसाला ठाऊक हवं. चिठ्ठीवरचं "जेवणापूर्वी" हे जेवणाशी बांधलेलं असतं. घरात जेवणाची वेळ आणि घड्याळ एकच असल्यामुळे ते घड्याळाशी बांधलं गेलं होतं, इतकंच.

पुढची साखळी तितकीच सरळ आहे. साखर ६६ ला उतरली की मेंदू खा-खा करायला लावतो. बिस्किटं आणि पेढा पोटात जातो, पण पेढ्यातल्या तुपामुळे साखर रक्तात यायला वेळ लागतो, म्हणून थरथर लवकर थांबत नाही आणि माणूस आणखी खातो. त्यावर पावणेअकराला पूर्ण जेवण. म्हणून रात्रीच्या ताटाचा प्रश्न धाब्यावर सुटत नाही. साडेपाचला काय खाल्लं, यावर साडेदहाला काय खाल्लं जाणार ते ठरतं. या प्रकरणातला मुख्य बदल तेवढाच आहे, बाकी सगळं त्याच्या आजूबाजूचं.

साडेपाचचं अर्धं जेवण

रात्रीच्या जेवणाचे दोन भाग केले. मोठा अर्धा भाग संध्याकाळच्या ओपीडी सुरू होण्याआधी साडेपाचला, लॉजवर बसून. लहान भाग काम संपल्यावर, दहा-सव्वादहाला. रात्रीची गोळी कुठल्या भागासोबत घ्यायची हे त्यांच्या उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी नोंदवही पाहून ठरवलं : दौऱ्याच्या दिवसांत साडेपाचच्या खाण्याच्या पहिल्या घासासोबत. सकाळची गोळी एसटीत बसण्याआधी घ्यायची नाही. ती शर्टाच्या खिशात ठेवायची आणि नाश्त्याची प्लेट समोर आली की घ्यायची. गोळीची वेळ वा मात्रा आपल्या मनानं बदलू नये. नोंदवही घेऊन गेलं तर डॉक्टरांना निर्णय घ्यायला पाच मिनिटंही लागत नाहीत, नुसतं "बाहेर फिरतो" सांगून काही कळत नाही.

साडेपाचला खायचं काय, यात मराठवाड्याच्या घरांकडे तयार उत्तर आहे : दशमी. पाण्याऐवजी दुधात पीठ भिजवलं की भाकरी मऊ राहते आणि प्रवासात टिकते, म्हणून ती पूर्वीपासून शिदोरीत बांधली जाते. या प्रकरणासाठी ठरलेलं माप : ज्वारीचं पीठ १२० ग्रॅम, गव्हाचं ८० ग्रॅम, मीठ अर्धा चमचा, तेल दोन चमचे, कोमट दूध साधारण १४० मिलिलिटर. सहा दशम्या होतात, एकेकीत सुमारे २३ ते २५ ग्रॅम पिष्ट (कार्बोहायड्रेट). नुसत्या ज्वारीची केली तर डब्यात तुकडे पडतात, म्हणून थोडं गव्हाचं पीठ. गूळ घालायचा नाही. भाजून झाल्या की जाळीवर पूर्ण गार करायच्या आणि मगच एकावर एक ठेवायच्या. गरम रचल्या की वाफ धरते, तळातल्या दोन ओल्या होतात आणि दुसऱ्या दिवशी वास येतो. सुती फडक्यात गुंडाळून स्टीलच्या डब्यात ठेवल्या तर थंडीत मंगळवारी आणि बुधवारी पुरतात. एप्रिल-मे महिन्यात दूध घातलेलं काहीही त्याच रात्रीपर्यंत संपवायचं, बुधवारसाठी ठेवायचं नाही.

सोबत शेंगदाण्याची सुकी चटणी : भाजलेले शेंगदाणे १०० ग्रॅम, लसूण आठ-दहा पाकळ्या, तिखट दोन चमचे, जिरं, मीठ. पाण्याचा हात न लावता कुटली की दौरा संपेपर्यंत टिकते. वीस ग्रॅम चटणीत चारेक ग्रॅम प्रथिनं येतात. मंगळवारी दोन दशम्या, वीस ग्रॅम चटणी आणि जवळच्या डेअरीतून दह्याचा बंद कप. दशम्या उन्हाळ्यामुळे बाद असतील त्या बुधवारी दोन उकडलेली अंडी आणि एक केळं. अंड्याच्या गाड्या बहुतेक गावांत संध्याकाळीच लागतात, अंडं समोर सोलून घ्यायचं. गुरुवारी ५० ग्रॅम फुटाणे, २० ग्रॅम शेंगदाणे, एक पेरू. फुटाण्यांतून दहा ग्रॅमच्या आसपास प्रथिनं आणि चांगला चोथा मिळतो. मुठीनं मोजू नये, मुठीचा हिशेब तिसऱ्या दिवशी सैल होतो. घरीच चार छोट्या पुड्या बांधून न्याव्यात.

प्रथिनांवर एवढा भर का, तेही सांगायला हवं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि राष्ट्रीय पोषण संस्थेची प्रौढांसाठीची शिफारस दर किलो वजनामागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिनांची आहे. ८२ किलोला ते ६८ ग्रॅमच्या घरात जातं. नोंदवहीतल्या मंगळवारी पोहे, चपात्या, भात, भाकरी असं पोट भरभरून झालं होतं, पण डाळ-उसळीची एकही पूर्ण वाटी नाही, अंडं नाही, दही नाही. असं पोट लवकर रिकामं वाटतं आणि टपरी जवळ करावीशी वाटते.

बाहेरच्या ताटात काय मागायचं

नाश्त्याला पोहे बंद केले नाहीत. एका प्लेटला साठ-सत्तर ग्रॅम कोरडे पोहे लागतात, म्हणजे पन्नास ग्रॅमच्या आसपास पिष्ट. वडा टाळला आणि त्याच्या जागी दोन उकडलेली अंडी किंवा मटकीची उसळ घेतली. लातूरकडे चुरमुऱ्यांची सुशीला मिळते, तिचंही गणित पोह्यांसारखंच, चुरमुरे हलके दिसतात म्हणून दोन प्लेट खाल्ल्या जातात एवढी एक सावधगिरी. मिसळ घ्यायची असेल तर "फरसाण वेगळं, तर्री वर नको, मटकी जास्त, पाव एक" असं मागावं. ऑर्डर देताना एका दमात सांगितलं तर मिळतं. प्लेट आल्यावर सांगितलं तर परत जात नाही आणि खाल्ली जाते.

दुपारी अमर्याद थाळीऐवजी साधी थाळी किंवा सुटे पदार्थ. खानावळीची चपाती घरच्या फुलक्यापेक्षा जाड, ३५ ते ४० ग्रॅम पिठाची असते. चार चपात्या आणि भात मिळून दीडशे ग्रॅमच्या जवळ पिष्ट होतं. बदललेलं ताट : दोन चपात्या, साधं वरण दोन वाट्या, उसळ किंवा पिठलं, एक पालेभाजी, ताक. भात हवाच असेल तर एक चपाती कमी. आधी वरण-भाजी अर्धी संपवायची आणि मग चपातीला हात लावायचा, या क्रमानं साखर हळू चढते आणि तिसऱ्या चपातीची मागणी आपोआप मागे पडते.

ज्वारीच्या भाकरीबद्दल एक गैरसमज इथे आड येत होता. "भाकरीच खातो, चपाती नाही" असं सांगून रात्री दोन भाकऱ्या होत होत्या. ज्वारी चांगलीच, तिच्यात चोथा जास्त. पण धाब्यावरची हाताएवढी भाकरी ९०-१०० ग्रॅम पिठाची असते. तिच्यात ६० ग्रॅमहून जास्त पिष्ट, म्हणजे घरच्या तीन फुलक्यांची बरोबरी. दोन भाकऱ्या म्हणजे सहा फुलके. रात्रीच्या लहान भागात अर्धी भाकरी, डाळ किंवा पिठलं, एखादी भाजी आणि ताक, एवढंच ठेवलं. अर्धी भाकरी मागितली तर मिळते, उरलेली पार्सल करून सकाळी खायचा बेत मात्र करू नये, उकाड्यात ती खराब होते. शेवभाजी खावीशी वाटलीच तर रस्सा वेगळ्या वाटीत मागवावा. वरची तर्री चमच्यानं बाजूला काढली की तीन-चार चमचे तेल सहज कमी होतं.

चहाची गोष्ट जास्त अवघड होती, कारण तिथे प्रश्न खाण्याचा नसून नात्याचा असतो. टपरीवरच्या अर्ध्या कपात सात-आठ ग्रॅम साखर असते. दिवसाला आठ चहा म्हणजे साठ ग्रॅम. वरून घातलेली साखर दिवसाकाठी २५ ग्रॅमच्या आत राहिली तर उत्तम, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. टपरीवर साखर घालूनच चहा उकळतात, त्यामुळे "साखर नको" म्हणून उपयोग नाही. स्टॉकिस्टकडे मागवलेला चहा नाकारला तर समोरच्याला वाईट वाटतं. दोन चहा ठरवून घेतले : एक नाश्त्यानंतर, एक संध्याकाळी. बाकी ठिकाणी "डायबेटिस आहे, पाणी द्या" असं स्पष्ट सांगितलं. औषधांच्या धंद्यात हे वाक्य सगळ्यांना कळतं, दुसऱ्या दौऱ्यापासून लोक स्वतःहून पाणी पुढे करतात.

पाण्याचंही तसंच. एसटीत लघवीची सोय नाही आणि स्टँडवरची नकोशी वाटते म्हणून फिरतीवरची माणसं पाणीच कमी पितात. स्त्री प्रतिनिधींना हा त्रास कितीतरी जास्त होतो आणि त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. उपाय वेळेचा आहे : गाडी सुटण्याआधीच्या तासात घोट-घोट, उतरल्यावर अर्धा लिटर, पुन्हा दोन कॉलच्या मधे थोडं थोडं. लघवी गडद पिवळी दिसली की पाणी कमी पडलं असं समजावं.

चालणं तुकड्यांत

घरी ते सकाळी पाऊण तास चालत. दौऱ्यावर पहाटेची गाडी असते, म्हणून चालणं "चुकतं", आणि एकदा चुकलं की सोडलं जातं. जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची शिफारस आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रमांची आहे, आणि ते सलगच हवेत अशी अट तिच्यात नाही. मग पाऊण तास शोधायचा सोडून दिला. तीन जेवणांनंतर बारा-बारा मिनिटं. दिवसाची ३६, चार दिवसांची १४४. दौऱ्यातच आठवड्याचा बहुतेक कोटा भरतो.

जेवणानंतरच का? चालताना पायांचे स्नायू रक्तातली साखर इन्सुलिनची फारशी मदत न घेता ओढून घेतात, आणि जेवणानंतरच्या तासाभरात ती साखर चढत असते. ताटावरून उठून दहा-पंधरा मिनिटांत निघावं, गप्पा मारता याव्यात पण गाणं म्हणता येऊ नये अशा वेगानं. नाश्त्यानंतर एसटी स्टँडपासून पहिल्या दवाखान्यापर्यंत रिक्षाऐवजी पायी. साडेपाचच्या खाण्यानंतर ओपीडीकडे चालत. लातूरला गंजगोलाईचा घेर या कामाला फार सोयीचा आहे. सोळा रस्ते जिथे मिळतात त्या गोल बाजारपेठेभोवती फेऱ्या मारायच्या, रस्ता चुकायचा प्रश्न नाही आणि दुकानं उघडी असल्यानं उजेड असतो.

दुपारचं चालणं उन्हाळ्यात रस्त्यावर करू नये. एक्केचाळीस-बेचाळीस अंशांत जेवून चालणं धोक्याचं. लॉजच्या व्हरांड्यात फेऱ्या माराव्यात किंवा जिना चार वेळा हळू चढावा-उतरावा. रात्री साडेदहानंतर गावातल्या रस्त्यावर कुत्री आणि अंधार दोन्ही असतात, तेव्हाही व्हरांडाच. आणि पाय : मधुमेहात बोटांची संवेदना कमी झालेली असू शकते, म्हणून दिवसभराचे फॉर्मल बूट घालून चालू नये. पायमोजे काढल्यावर तळवे आणि बोटांमधली जागा उजेडात पाहायची. लाल ठिपका किंवा फोड दिसला तर दुसऱ्या दिवशी त्या बुटात चालणं बंद.

स्नायूंच्या व्यायामासाठी मंगळवार आणि गुरुवार, दुपारी पावणेपाचला, खोलीत पंधरा मिनिटं. पलंगाच्या कडेवर बसून हात छातीशी बांधून उठणं-बसणं १२ वेळा. भिंतीला हात टेकून दंड १२. डॉक्टरांना दाखवायची सात किलोची बॅग एका हातात धरून, दुसरा हात पलंगावर टेकून, कोपर मागे ओढत बॅग कमरेपर्यंत उचलणं, प्रत्येक हाताला १०. पाठीवर झोपून गुडघे दुमडून कंबर उचलणं १२. जिन्याच्या पायरीवर कठडा धरून टाचा वर-खाली १५. असा फेरा तीनदा, मधे मिनिटभर थांबा. प्लास्टिकची खुर्ची फरशीवर घसरते, ती वापरायचीच असेल तर भिंतीला टेकवूनच. पायमोजे घालून उभं राहू नये. श्वास रोखून बॅग उचलू नये. सुरू करण्याआधी साखर १०० च्या खाली असेल तर आधी अर्धं केळं खायचं.

बॅगेबद्दल थोडं. ती नेहमी उजव्या खांद्यावर असे, आणि उजवी मान-खांदा भरून येण्याचं कारण तेच होतं. दोन पट्ट्यांची बॅग घेतली आणि नको ती जुनी माहितीपत्रकं काढून टाकली. वजन साडेपाच किलोवर आलं, व्यायामासाठी त्यात पाण्याची दीड लिटरची बाटली घातली की झालं.

बदलानंतरच्या पहिल्या दौऱ्यात काय फसलं

मंगळवारी साडेपाचला खाल्लं, पण रात्री धाब्यावर सवयीनं पूर्ण ताट मागवलं. साडेपाचचं खाणं जास्तीचं होऊन बसलं आणि झोपताना साखर २४०. ताट समोर येण्याआधीच निर्णय व्हायला हवा, म्हणून दुसऱ्या दिवसापासून ऑर्डर मोबाइलवर लिहून ठेवली आणि वेटरला तीच वाचून दाखवली.

बुधवारी दुपारची झोप दीड तासाची झाली. उठायला साडेपाच, खाण्याऐवजी थेट ओपीडी. गोळी पाकिटातच राहिली, हे मात्र योग्य झालं : खाणं नाही तर गोळीही नाही. रात्री सव्वादहाला जेवताना ती घेतली. त्या रात्री थरथर झाली नाही. यानंतर दुपारी वीस मिनिटांचा गजर.

साखर उतरल्यावर करायचं ते खिशात असायला हवं. ७० च्या खाली आकडा किंवा थरथर, घाम, डोळ्यांपुढे अंधारी आली की १५ ग्रॅम ग्लुकोज पावडर किंवा तीन-चार चमचे साखर पाण्यात, पंधरा मिनिटं थांबून पुन्हा मोजणं, अजून कमी असेल तर पुन्हा तितकंच, आणि सावरल्यावर जेवण. पेढा, चॉकलेट, बिस्किट या वेळी नको. ग्लुकोमीटरच्या पट्ट्या मेमध्ये उभ्या गाडीत ठेवल्यानं खराब झाल्या होत्या, त्या बॅगेत आतल्या बाजूला, मूळ डबीतच ठेवायच्या.

दुसऱ्या दौऱ्यात गुरुवारी एकादशी आली. साबुदाण्याची खिचडी प्लेटभर म्हणजे साठेक ग्रॅम शुद्ध पिष्ट आणि प्रथिनं शेंगदाण्यांपुरती. तीच दोन वेळा खाल्ली की उपवास कागदावरच राहतो. ग्लिमेपिराइड चालू असताना कडक उपवास आणि सहा तासांची फिरती एकत्र करू नये, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. उपवास मोडायचा नव्हता, म्हणून वरीचा भात एक वाटी, शेंगदाण्याची आमटी, दही, आणि साडेपाचला शेंगदाणे व पेरू. भगर स्वच्छ, बंद पाकिटातलीच घ्यावी. सुट्या भगरीच्या पिठातून विषबाधा झाल्याच्या घटना मराठवाड्यात घडलेल्या आहेत.

मॅनेजर सोबत असतानाचे दिवस वेगळे. जेवणाची वेळ त्यांच्या हातात. तिथे साडेपाचचं खाणं सोडायचं नाही आणि रात्री हॉटेलात पहिल्यांदा सूप किंवा वरण मागवायचं, बाकी टेबलावर जे येईल त्यातलं वाढून घ्यायचं. वैद्यकीय परिषदांच्या पार्ट्यांत तळलेले पदार्थ फिरत असतात आणि जेवण अकराला उघडतं, तिथेही रिकाम्या पोटी जाऊ नये. दारू घेणाऱ्यानं हे ध्यानात ठेवावं : ती उतरत्या साखरेला आणखी खाली नेते, आणि थरथर नशेत ओळखू येत नाही.

पोट बिघडलं तर नियम बदलतात. कापून ठेवलेली काकडी-कलिंगड, उघडी हिरवी चटणी, बर्फ घातलेलं ताक हे नेहमीचे दोषी. जुलाब-उलट्या सुरू झाल्या की ओआरएस, आणि मेटफॉर्मिन चालू ठेवायचं की थांबवायचं हे त्याच दिवशी डॉक्टरांना फोनवर विचारायचं. शरीर कोरडं पडलेलं असताना ते आपल्या मनानं चालू ठेवू नये.

चौथ्या दौऱ्याच्या मंगळवारची नोंद : नाश्त्यानंतर दोन तासांनी १६८, साडेपाचच्या आधी ११२, रात्री नऊ वाजता १३१, झोपताना १५९, बुधवारी सकाळी १२६. रात्री नऊचा आकडा सर्वांत महत्त्वाचा, पूर्वी तिथेच सगळं कोसळत होतं. एचबीएवनसी तीन महिन्यांच्या आत पुन्हा करून फारसं कळत नाही, त्याची तारीख नोंदवहीत लिहून ठेवली. वजन या काळात फारसं हललं नाही, त्यासाठी घरच्या दहा-अकरा दिवसांकडेही पाहावं लागेल.

शुक्रवार मात्र अजून नीट बसलेला नाही. लातूरहून संध्याकाळी निघालेली गाडी घरी पोचायला सहा-सात तास घेते. निघण्याआधी साडेपाचचं खाणं आणि गोळी होते, गाडीत दर तासाला घोटे गोल फिरवणं, टाचा-चवडे आळीपाळीनं दाबणं आणि थांब्यावर खाली उतरून पाच मिनिटं चालणं होतं. अडचण घरी येते. साडेअकरा-बाराला दार उघडलं की चार दिवसांनी आलेल्या माणसासाठी ताट झाकून ठेवलेलं असतं, भातासकट, आणि ते नाकारणं सर्वांत जड जातं. सध्याचा तोडगा असा की लातूर सोडताना घरी फोन करून सांगायचं : वाटीभर वरण आणि भाजी ठेवा, भात-पोळी नको, पूर्ण जेवण शनिवारी दुपारी सगळ्यांसोबत.